पिरोहिव्हचे खेडे : शोभा की साक्ष ?

युक्रेनची राजधानी कीव्ह हिच्या दक्षिणेस, शहर संपता संपता, पिरोहिव्ह नावाचे एक जुने गाव लागते. त्या गावाला लागून, शेकडो एकर चढउताराच्या जमिनीवर, आणखी एक खेडे वसविलेले आहे. त्यात घरे आहेत, गोठे आहेत, धान्याची कोठारे आहेत, लाकडी प्रार्थनामंदिरे आहेत, टेकडीच्या माथ्यावर पवनचक्क्यांची रांग आहे. नाहीत ती फक्त राहणारी माणसे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील जुन्या वास्तू मूळ जागी उकलून, त्यांच्या ओंडक्यांवर खुणा घालून, त्या येथे आणल्या व पुन्हा जोडून उभ्या केल्या. अशा लहानमोठ्या वास्तूंची संख्या आज तीनशेच्या आसपास आहे. युक्रेनच्या लोकवास्तुकलेचे व लोकजीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय ते हेच. ते स्थापन करण्याचा निर्णय १९६९ साली झाला व १९७६ साली ते लोकांस पाहावयास खुले झाले.

हे संग्रहालय पाहून आलेल्या, किंबहुना त्याची नुसती छायाचित्रे पाहिलेल्या, माणसाच्या तोंडून जे उद्गार निघतात ते बहुधा ठरलेले असतात. किती रम्य हे घर ! किती साधी ही राहणी ! किती सुखी असतील हे लोक ! आपल्याकडील पुष्कळ मुले व मुली २०२२ पर्यंत युक्रेनमध्ये वैद्यकी शिकत होती, आणि त्या वर्षी युद्धाचा भडका उडाल्यावर त्यांपैकी बहुतेकांस घाईघाईने घरी परतावे लागले. त्यामुळे पांढऱ्या भिंतींची व पेंढ्याच्या छपरांची ती घरे आता आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांसही अगदीच अपरिचित राहिलेली नाहीत. वर दिलेल्या तीन उद्गारांपैकी पहिल्याविषयी आमची तक्रार नाही. घरे रम्य आहेतच. दुसऱ्याविषयीही आम्ही फारसा वाद घालणार नाही. परंतु तिसऱ्या उद्गाराशी आमचे उघड भांडण आहे, आणि प्रस्तुत लेख त्या भांडणासाठीच लिहिला आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की भांडण संग्रहालयाच्या असण्याशी नाही. खेड्यातील घर उचलून शहराजवळ आणून मांडणे ही कल्पना युक्रेनची नव्हे. आर्थर हाझेलियस ह्या स्वीडिश गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' उघडले, आणि तेव्हापासून युरोपात अशा उघड्यावरच्या संग्रहालयांची परंपरा सुरू झाली. गिरण्या व आगगाड्या ह्यांच्या लोंढ्यात जुनी राहणी वाहून जात आहे, तेव्हा ती जाण्यापूर्वी तिचा नमुना राखावा, ही त्यामागील दृष्टी होती आणि ती योग्यच होती. कीव्हच्या संग्रहालयासाठी सर्वांत अधिक झटले ते पेत्रो त्रोन्को. ते इतिहासकार होते, आणि त्या वेळच्या सोव्हिएत युक्रेनच्या मंत्रिमंडळाचे उपाध्यक्षही होते. सरकारात बसून सरकारला न रुचणाऱ्या वस्तूंसाठी जागा मिळविणे हे सोपे काम नव्हे. ते त्यांनी केले, ह्याबद्दल युक्रेनियन लोक त्यांचे ऋणी आहेत आणि असावेत.

ही घरे पाहावयास मिळतात हा लाभही लहान नाही. पोल्तावाकडील घर पाहावे : कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा जाड गिलावा, वर पांढऱ्या मातीची सफेदी, आणि डोक्यावर राय धान्याच्या लांब पेंढ्याने शाकारलेले चार उतारांचे छप्पर. खाली मातीची जमीन; ती माती व शेण कालवून सारवीत, हे वाचून आपल्याकडील कोणाही गृहिणीस त्या घराविषयी एकदम जवळीक वाटेल. खोलीचा चौथा हिस्सा अडविणारी प्रचंड भट्टी. तिच्यातच भाकरी भाजावयाची, तिच्यानेच घर ऊब धरावयाचे, आणि तिच्याच माथ्यावर म्हाताऱ्यांनी व पोरांनी हिवाळ्यात निजावयाचे. समोरच्या कोपऱ्यात देवांच्या तसबिरी, त्यांवर भरतकामाचे लांब वस्त्र. छताखालच्या मुख्य तुळईवर कोरलेला क्रूस व घर बांधल्याचे साल. उत्तरेकडे पोलिस्याच्या अरण्यप्रदेशात जावे तर माती जाऊन नुसते ओंडके येतात. कार्पेथियन डोंगरात घर व गोठे मिळून चौफेर बंद असा एक लाकडी गढीवजा चौकच उभा राहतो. व्होलिन प्रांतातील सामारी गावचे एक घर तर १५८७ सालचे आहे. दोरोहिन्का गावाहून आणलेले संत मायकेलचे लाकडी मंदिर १६०० सालचे म्हणून दाखविले जाते, आणि त्यात आजही प्रार्थना होते. लिहितावाचता न येणाऱ्या सुतारांनी केवळ कुऱ्हाडीच्या जोरावर केलेले हे काम पाहून कोणाची मान लवणार नाही ?

आता काही विद्वान असे म्हणतात की, उपटून आणलेले घर हे घरच नव्हे. ते घराचे प्रेत होय. घर राखावयाचे तर मूळ गावी, मूळ मातीत राखावे. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, आणि जेथे शक्य असेल तेथे तसे करावेच. पण मूळ गावच राहिले नाही तर काय करावे, ह्याचे उत्तर हे विद्वान देत नाहीत. नीपर नदीवर एकामागून एक धरणे बांधली गेली व तिच्या काठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. कीव्हच्या खालच्या अंगास पेरेयास्लाव हे गाव आहे. तेथे मिखाइलो सिकोर्स्की ह्यांनी १९६४ साली, म्हणजे पिरोहिव्हच्याही आधी, युक्रेनमधील पहिले उघड्यावरचे संग्रहालय उघडले. पुढे कानिव्हच्या धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा बुडणाऱ्या गावांतील वास्तू तेथे आसऱ्यास आल्या. अठराव्या शतकात बांधलेले आंद्रुशी गावचे लाकडी मंदिर आज त्या संग्रहालयात उभे आहे. आंद्रुशी गाव पाण्याखाली आहे. मूळ मातीचा आग्रह धरला असता तर त्या मंदिराचे काय उरले असते ?

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. खेरसोन प्रांतात ओलेश्की येथे पोलिना राइको नावाची एक म्हातारी राहत असे. चित्रकलेचे शिक्षण तिला कधीच मिळाले नव्हते. घरची माणसे एकामागून एक गेल्यावर, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तिने साध्या रंगांनी आपल्या घराच्या भिंती, दारे, छत सारे काही चितारावयास आरंभ केला. २००४ साली ती वारली. घर मूळ जागी राखले गेले. ६ जून २०२३ रोजी, रशियन सैन्याच्या ताब्यात असलेले काखोव्हकाचे धरण फुटले आणि ते घर पुरात बुडाले. 'मूळ जागी राखा' ही मसलत शांततेच्या काळातील मसलत आहे. म्हणून आम्ही पुन्हा सांगतो की, संग्रहालय हवे. संग्रहालय नको म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. पिरोहिव्हच्या मांडणीत एका बाजूस सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची घरे आहेत. दुसऱ्या बाजूस १९६० ते १९८० च्या दशकांतील विटांची, पत्र्याच्या छपरांची, नव्या खेड्यातील घरेही मांडलेली आहेत. पाहुणा पेंढ्याच्या छपराकडून पत्र्याच्या छपराकडे चालत जातो आणि त्यास वाटते की, जग जसे सर्वत्र बदलले तसे येथेही बदलले. जुने गेले, नवे आले. पण ह्या दोन घरांच्या मध्ये काय घडले ? जुन्या घरातला मनुष्य नव्या घरात चालत गेला की वाटेत पडला ? ज्या मांडणीत हा प्रश्न पडतच नाही, ती मांडणी अर्धे खरे सांगते; आणि अर्धे खरे हे पुष्कळदा पुऱ्या खोट्याहून वाईट ठरते, कारण त्याला हात लावून पाहता येतो.

मध्ये काय घडले ते घराच्याच वस्तूंना विचारू. प्रथम त्या टेकडीवरच्या पवनचक्क्या घ्या. छायाचित्रे काढणाऱ्यांचा सर्वांत लाडका विषय तो. मे १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने कोणास 'कुलक' म्हणजे गबर शेतकरी समजावे ह्याची लक्षणे ठरविली. वाऱ्यावर वा पाण्यावर चालणारी, दोन किंवा अधिक जात्यांची गिरणी घरी असणे हे त्यांपैकी एक लक्षण होते. कुलक ठरला की त्याची जमीन, जनावरे व घर सरकारजमा व्हावयाचे आणि बायकापोरांसह त्याची रवानगी उत्तरेकडील किंवा सायबेरियातील अरण्यात व्हावयाची. हजारो कुटुंबे अशी गेली. ज्या पवनचक्कीपुढे उभे राहून आज नवविवाहित जोडपी चित्रे काढून घेतात, तसली पवनचक्की ही एके काळी मालकाच्या गळ्याला फास होती, हे त्या जोडप्यांस कोण सांगतो ?

मग घराची जमीन घ्या, भट्टी घ्या, जाते घ्या. १९३२ च्या ऑगस्टात कायदा झाला की, सामुदायिक शेतातील धान्य उचलणाऱ्यास गोळी घालावी, अथवा काही सबब असल्यास दहा वर्षे कैदेत टाकावे. लोकांनी त्याला 'पाच कणसांचा कायदा' असे नाव दिले, कारण मूठभर कणसांसाठीही तो लागू होई. त्या हिवाळ्यात धान्य वसूल करणाऱ्या टोळ्या घरोघर हिंडल्या. हातात लोखंडी सळया असत. त्या सळया सारवलेल्या जमिनीत खुपसून खाली पेव आहे का ते पाहात, भिंतीच्या गिलाव्यात खुपसून पाहात, छपराच्या पेंढ्यात खुपसून पाहात. भट्ट्या फोडून पाहात. हाताने दळावयाची जाती फोडून टाकीत, म्हणजे लपविलेला मूठभर दाणा असलाच तर तो दळता येऊ नये. धान्याचा हिस्सा पुरा न भरणाऱ्या गावांची नावे काळ्या फळ्यावर लिहून तेथील दुकाने बंद करीत. नोव्हेंबर १९३२ पासून दंड म्हणून मांस व बटाटेही नेऊ लागले. २२ जानेवारी १९३३ रोजी मॉस्कोहून हुकूम सुटला की, भाकरीच्या शोधात युक्रेनबाहेर जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यांस अडवावे व परत पाठवावे. ह्या उपासमारीस युक्रेनियन भाषेत होलोदोमोर म्हणतात; उपासाने मारणे असा त्या शब्दाचा अर्थ. लोकसंख्याशास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे एकट्या युक्रेनमध्ये तीत सुमारे ३९ लाख माणसे मेली. त्या वेळी त्या देशात अवर्षणाने सारी शेते जळून गेली होती असे नव्हे. धान्य होते, ते नेले गेले. काही तर परदेशी विकलेही गेले.

संग्रहालयातील पेटाऱ्यांत बायकांचे दागिनेही आहेत. युक्रेनियन स्त्रिया गळ्यात पोवळ्यांची माळ व तिच्या मध्यभागी 'दुकाच' नावाचे मोठे नाणे घालीत. उपासमारीच्या वर्षांत सरकारने 'तोर्गसिन' नावाची दुकाने चालविली होती. तेथे सोने व चांदी दिली असता पीठ मिळे. लग्नातली अंगठी, कानांतली बाळी, गळ्यातला क्रूस, हे सारे मापून घेऊन त्या बदल्यात पिठाच्या पुड्या दिल्या जात. तेव्हा आज काचेमागे दिसणारे दुकाच हे केवळ दागिना नव्हे. ते पिठाच्या मोलाने न गेलेले, म्हणजे शेकड्यांतून वाचलेले एखादे नाणे आहे. हे कळल्यावर त्याची शोभा कमी होते काय ? आमच्या मते ती वाढते. पण ती मग निराळ्या प्रकारची शोभा होते.

ज्या सरकारने खेड्याची ही दशा केली त्याच सरकारने १९६९ साली खेड्याचे संग्रहालय उभारावयास परवानगी कशी दिली, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हांस कठीण वाटत नाही. मेलेले खेडे काही मागत नाही. जिवंत खेड्याची गोष्ट वेगळी होती. जानेवारी १९७२ मध्ये ल्विव्ह शहरी काही सुशिक्षित तरुण मंडळी जुन्या रिवाजाप्रमाणे ख्रिस्तजन्माची गाणी म्हणत घरोघर हिंडली. त्यांपैकी कित्येकांस त्याच महिन्यात पकडण्यात आले. गाणी म्हणणे हेच काही आरोपपत्रातील कलम नव्हते हे खरे, पण पकडणाऱ्यांस कोणती माणसे नको होती हे त्यावरून पुरेसे उघड होते. त्या मंडळींतील वासिल स्तूस हा कवी पुढे १९८५ साली तुरुंगाच्या छावणीत मेला. गाणे संग्रहालयाच्या अंगणात चालले असते. ते शहराच्या रस्त्यावर चालले नाही.

आणखी एक योगायोग सांगतो. डिसेंबर १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने नागरिकांस ओळखीचे परवाने, म्हणजे अंतर्गत पासपोर्ट, देण्यास आरंभ केला. त्यातून सामुदायिक शेतांवरचा शेतकरी सामान्यतः वगळला होता. परवाना नाही म्हणजे मोकळेपणाने गाव सोडून शहरात राहावयास जाता येणे नाही. हा नियम १९७४ साली बदलला आणि परवाने प्रत्यक्ष वाटण्यास १ जानेवारी १९७६ पासून सुरुवात झाली. पिरोहिव्हचे संग्रहालय उघडले तेही १९७६ सालीच. म्हणजे शेतकऱ्याचे घर राजधानीत आले त्याच वर्षी शेतकऱ्याला राजधानीत येण्याचा कागद मिळू लागला. घराला मात्र असला कागद कोणी मागितला नाही.

संग्रहालय उभारणाऱ्यांस आम्ही ह्यात दोष देत नाही. उपासमार झाली हे वाक्य उच्चारणेही त्या काळी धोक्याचे होते. युक्रेनच्या सत्ताधारी पक्षाच्या प्रमुखाने ते जाहीरपणे प्रथम कबूल केले ते डिसेंबर १९८७ मध्ये. मौन ही त्या कार्याची किंमत होती, आणि ती देऊन त्यांनी घरे वाचविली. परंतु १९९१ साली देश स्वतंत्र झाला. २००६ साली युक्रेनच्या संसदेने कायदा करून ही उपासमार म्हणजे वंशसंहार होता असे ठरविले, आणि २००८ साली कीव्हमध्येच नीपरच्या काठच्या उंच टेकडीवर होलोदोमोरचे स्मारक व संग्रहालय उघडले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्यामुळे एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली आहे. एकाच शहरात एका संग्रहालयात घर आहे आणि दुसऱ्या संग्रहालयात भूक आहे. शोक करावयाचा असला म्हणजे लोक टेकडीवर जातात. सहलीस जावयाचे असले म्हणजे पिरोहिव्हला जातात. ज्या कुटुंबाने ते घर सारवले तेच कुटुंब त्या घरात उपाशी मेले, ही साधी गोष्ट कोणत्याच एका जागी उभे राहून दिसत नाही.

ह्यावर जे आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, हे वास्तुकलेचे संग्रहालय आहे. तेथे राजकारण कशाला? ह्याला उत्तर असे की, वास्तुकला म्हणजे केवळ ओंडक्यांचे सांधे नव्हेत. भट्टी का बांधतात हे शिकविणाऱ्याने ती का फोडली गेली हेही शिकविले पाहिजे. दोन्ही त्या भट्टीच्याच चरित्रातील गोष्टी आहेत. घराचे साल तुळईवरून वाचून दाखविता, मग ते घर कोणत्या साली ओस पडले हे का वाचू नये ?

दुसरा आक्षेप असा की, तेथे मुले येतात, सणावारी लोक येतात. त्यांच्या आनंदावर विरजण का घालावे? ह्या आक्षेपाचे उत्तर युक्रेनच्या सर्वश्रेष्ठ कवीनेच देऊन ठेवलेले आहे. तारास शेव्हचेन्को १८१४ साली भूदासाच्या घरी जन्मला व १८३८ साली २५०० रूबल मोजून त्याची मुक्तता करण्यात आली. तुरुंगात असता त्याने झोपडीभोवतालच्या बागेचे अत्यंत मधुर वर्णन केले, आणि ते त्याच्या देशात पोरासोरांच्या तोंडी आहे. पण त्याच शेव्हचेन्कोने पुढे हद्दपारीत, १८५० साली, रानाकडेच्या झोपडीला स्वर्ग म्हणणाऱ्या सुखवस्तू तरुणांची एका कवितेत खरडपट्टी काढली आहे. आपण त्या झोपडीत काय सोसले ते तो तेथे सांगतो. दोन्ही कविता एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. युक्रेनची मुले शाळेत शेव्हचेन्को वाचतात. जी मुले त्याचा राग सोसू शकतात, ती एका फोडलेल्या भट्टीपुढे दोन मिनिटे उभी राहिल्याने कोमेजून जातील असे आम्हांस वाटत नाही. खुद्द ती घरे तरी इतकी गोड कोठे आहेत ? पोलिस्यातील कित्येक जुन्या घरांना धुराडेच नसे. भट्टीचा धूर खोलीत कोंडावयाचा आणि दारातून बाहेर पडावयाचा. त्या घरच्या बाईच्या डोळ्यांची काय अवस्था होत असेल, हा विचार छायाचित्रात येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला आम्ही आदराने उत्तर देऊ इच्छितो. तो असा की, देश युद्धात आहे. शत्रू म्हणतो की युक्रेनियन म्हणून निराळे लोकच नाहीत. अशा वेळी अभिमानाची स्थाने उजळ राखावीत, दुःखे उगाळू नयेत. रशियाच्या अध्यक्षांनी जुलै २०२१ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध करून रशियन व युक्रेनियन हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले, आणि पुढील फेब्रुवारीत सैन्य आत घुसविले, हे खरे आहे. त्या प्रतिपादनाला पिरोहिव्हची घरे हे एक उत्तर आहे हेही खरे. परंतु सुंदर वस्त्र, सुंदर नाच, सुंदर घर ह्यांची साम्राज्यांना फारशी भीती वाटत नाही, हे विसरू नये. १९३३ च्या उपासमारीनंतर अवघ्या चार वर्षांनी, १९३७ साली, जेव्हा हजारो युक्रेनियन लेखक, शिक्षक व शेतकरी गोळ्यांस बळी पडत होते, त्याच साली सरकारी आश्रयाने युक्रेनियन लोकनृत्याची मोठी मंडळी स्थापन झाली. नर्तक गुणी होते, नाच उत्तम होता. त्यांस आम्ही काही म्हणत नाही. पण नाचू देणाऱ्यांनी आठवू दिले नाही. आणि आजचे पाहा. २०२२ च्या ऑक्टोबरात मारिउपोल शहर व्यापणाऱ्या रशियन अधिकाऱ्यांनी तेथील होलोदोमोरच्या बळींचे स्मारक यंत्र लावून उखडून टाकले. शत्रूला कोणती गोष्ट सलते हे त्याने स्वतःच दाखवून दिले आहे. तेव्हा अभिमान व शोक ही दोन निराळी खाती मानणे हे युद्धकाळात तर मुळीच परवडणारे नाही.

आमची मागणी मोठी नाही. एखाद्या पाटीने वा वर्षातून एकदा भरणाऱ्या तात्पुरत्या प्रदर्शनाने मात्र ती भागण्यासारखी नाही. पिरोहिव्हला घरे प्रांतवार मांडलेली आहेत. ज्या ज्या प्रांतावरून ती उपासमार गेली, त्या त्या प्रांताच्या घरांत एक घर तरी १९३३ च्या वसंतात जसे होते तसे मांडावे. जमीन खणलेली असावी, भट्टी फुटलेली असावी, जाते दुभंगलेले असावे, कोपऱ्यातल्या तसबिरीवर वस्त्र नसावे, गोठ्यात दावे असावे पण खुंटा मोकळा असावा. दुसरे असे की, प्रत्येक घरावर गावाचे नाव व बांधल्याचे साल लिहिलेले असते, तेथे ते घर कोणी बांधले, शेवटी कोण राहिले, व ते लोक कोठे गेले, हेही जेथे कळले असेल तेथे लिहावे. सायबेरियास गेले, उपासाने मेले, युद्धात मेले, शहरात गेले, की धरणाने उठविले, जे असेल ते. आणि तिसरे असे की, १९१० च्या घराकडून १९६० च्या घराकडे जाणारी वाट एखाद्या रिकाम्या अंगणातून न्यावी. त्या अंगणात नुसता घराचा पाया असावा. पाहुण्याला तेवढे पुरे आहे.

हे सारे परक्या देशाचे आपण कशास उगाळता, असे एखादा वाचक म्हणेल. परंतु त्या तिसऱ्या उद्गारात आपणही सामील होतो म्हणून हे लिहिले. खेडे सोडून तीन पिढ्या झालेल्या सुशिक्षित वर्गाला, मग तो कीव्हचा असो की पुण्याचा, खेडे सुंदर दिसावयास लागते. कारण ते आता त्याच्याकडे काही मागत नाही. आपल्याच दिवाणखान्यांत हल्ली जाते शोभेला मांडून त्यावर फुलदाणी ठेवलेली आढळते. ज्या जात्याने आपल्या आजीची पहाटेची झोप वर्षानुवर्षे मोडली, त्याकडे पाहून पाहुणे 'किती छान' म्हणतात आणि आपणही हसून मान डोलावतो. त्या घरात आजीचे हात कोणाला आठवत असतील तर जाते खुशाल ठेवावे. नसतील तर तो एक गोल दगड आहे.

पिरोहिव्हची घरे अद्याप नुसते ओंडके झालेली नाहीत. त्यांच्यात राहिलेल्यांचे नातू-पणतू जिवंत आहेत, कागदपत्रे उघडी झालेली आहेत, आणि ज्यांनी त्या टोळ्या लहानपणी पाहिल्या अशा पुष्कळ म्हाताऱ्यांच्या जबान्या उतरून घेतलेल्या आहेत. एवढी सामग्री हाताशी असता त्या घरांस केवळ शोभेची म्हणून उभे ठेवणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. ती साक्षीदार आहेत. साक्षीदाराला दरबारात आणून त्याच्या पोशाखाची स्तुती करावी व त्याची साक्ष मात्र घेऊ नये, ही रीत बरी नव्हे.